शेवंतीच्या डब्यांत सरकी

कार्तिक उतरणीला लागला की ढाणकीच्या बाजारात शेवंतीची पहिली पाटी येते. त्या दिवशी मी भाजीला म्हणून घरून निघतो आणि पिशवीची घडी न मोडता परत येतो. वास आडवा येतो. मोगऱ्याचा वास कसा, लग्नातल्या करवलीसारखा ओळख नसताना गळ्यात पडतो. शेवंतीचं तसं नाही. तिचा वास थोडा कडू, थोडा औषधी, दवात भिजलेल्या कडुनिंबाच्या सालीसारखा. तो आपल्याकडे येत नाही, आपणच जवळ जाऊन नाक खुपसावं लागतं. दहा वर्षं झाली, मी नाक खुपसलेलं नाही. कापडवाल्याच्या पालापासूनच वळतो. तरी वास येतोच. आता याला काय म्हणावं?

आमच्या मातीबद्दल आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं खरं वाटेल. आमची काळी माती अशी, की आषाढात चिखलात रुतून राहिलेली वहाण दिवाळीला सापडते आणि एखाद्या चांगल्या सालात तिला दोन बोंडंही लागलेली असतात. माझ्या चुलत्यांनी एकदा धुऱ्यावर दात कोरायची काडी टाकली, तर तिसऱ्या वर्षी तिच्या सावलीत चार गडी भाकरी खायला बसले. खोटं वाटत असेल तर चुलत्यांना विचारा. ते आता नाहीत, पण विचारा. बरं, ही माती एका जागी राहूनही फिरते. आम्ही निजलो मध्यप्रदेशात, उठलो मुंबई राज्यात, आणि जरा डोळा लागतो न लागतो तो महाराष्ट्रात. तीन राज्यं पाहिली, उंबरठा ओलांडला नाही.

एवढं सगळं ज्या मातीत होतं, त्या मातीत माझ्या हातून शेवंती जगली नाही. अकरा डबे होते. अकराही गेले.

डबे माझ्या बायकोचे, यमुनेचे. घरात आम्ही दोघंच. मी जिनिंगमध्ये काट्यावर कापसाच्या गाड्या तोलायचो, म्हणून सारं गाव मला काटेवाले भाऊ म्हणायचं. तिला गावानं काही नाव ठेवलं नव्हतं. ज्याला तिचं घर सांगायचं तो ‘फुलाच्या आंगनाचं घर’ म्हणायचा. घासलेटचे रिकामे डबे आणून तिनं ते आडवे कापून घेतले होते, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली होती, बाहेरून गेरूचा हात दिला होता. दाराशी झेंडू, कुंपणाला पिवळी कोरांटी, न्हाणीच्या सांडपाण्यावर अबोली. पण ती सगळी परजा. राज्य शेवंतीचं.

पावसाळा कोणालाही फुलवतो, त्यात काय मोठेपणा आहे? तेरडासुद्धा फुलतो. सगळं हिरवं पिवळं पडायला लागलं, ज्वारीच्या कणसावर पाखरं उतरली, पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटली, म्हणजे मग शेवंती डोळे उघडायची. यमुना म्हणायची, “दिवस आखूड झाल्याबिगर तिले कळी येत नाही. उजेड कमी होऊन राह्यला, हे तिले आपल्या आंधी समजते.” मी तेव्हा हसलो होतो. म्हटलं, “अवं, मंग दुपारी डब्यावर टोपलं पालथं घाल, उद्या फुलं.” ती म्हणाली, “तुमाले सारं उद्याच पाह्यजे.”

त्या अंगणाच्या मी ज्या गोष्टी सांगत फिरायचो, त्या आता आठवल्या की कान गरम होतात. उमरखेडच्या चहाच्या दुकानात मी शपथेवर सांगितलं होतं, की आमच्याकडच्या एका शेवंतीवर मधमाश्यांची दोन मोहोळं भांडली आणि शेवटी फुलाची वाटणी करून घेतली. पुसदला एका लग्नात सांगितलं, की नवरदेवाच्या मुंडावळ्यांना आमच्या घरचं एकच फूल लावलं आणि मग नवरदेवच सापडेना. लोक हसायचे. एकदा यमुना तिथेच पडद्याआड बायकांत बसली होती. घरी येताना बैलबंडीत म्हणाली, “मोहोळाचं ठीक होतं. नवरदेवाचं जरा जास्त झालं.” तिला स्वतःला थाप म्हणून मारता यायची नाही. पाहुणा दारात आला आणि घरात साखर नसली, तर ती ‘साखर नाही’ असंच सांगायची. मी आतून ओरडायचो, की अगं साखरेच्या पोत्यावर मांजर व्यालीय म्हणून काढता येत नाही.

आषाढी झाली की ती शेवंतीच्या डब्यांत खुरपं घालायची. जुन्या झाडाच्या बुडाशी जे फुटवे येतात, ते मुळासकट सोडवायचे आणि पळसाच्या पानात चिमूटभर मातीसकट गुंडाळायचे. मग गल्लीतल्या बाया यायच्या. त्या देण्याची एक रीत होती. झाड हातातून हातात द्यायचं नाही. देणारीनं ओट्यावर ठेवायचं, घेणारीनं तिथून उचलायचं. हातातून हातात दिलेलं रोप लागत नाही म्हणतात. यमुना पान ओट्यावर ठेवायची, दोन पावलं मागे सरायची, बाई उचलायची, आणि कोणी कोणाला काही न बोलता तो सोहळा पार पडायचा. बघणाऱ्याला वाटावं, इथं कोणी नागाचं पिल्लू वाटून राहिलंय.

शेजारच्या गोदामावशी कुंपणावरून ओरडायच्या, “अवं यमुने, सारं वाटून टाकशीन त तुह्या डब्यात काय, लाटणं लावशीन?”

“एक एक ठेवलं न मावशी.”

“एक! अन् थे मेलं म्हंजे?”

“मेलं त तुमच्या घरून आणीन.”

गोदामावशींच्या तोंडाला साऱ्या गल्लीचे पुरुष भीत. जिनिंगचा भोंगा आणि गोदामावशी यांत आधी कोण सुरू झालं, हे मालकाला फक्त घड्याळावरून कळायचं. पण फुटवा न्यायला मात्र त्या पहिल्या.

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे, त्या वर्षी फुटवे वाटायला यमुना नव्हती.

चैत्रात खोकला लागला. आधी म्हटलं सरकीची धूळ असेल, माझ्या कपड्यांतून घरात येते. मग संध्याकाळी अंग तापायला लागलं. मग एक दिवस तिनं पदराला लागलेलं तांबडं मला दाखवलं नाही आणि मी ते पाहिलं. पुसदला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि बोलायचं ते मला बाहेर बोलावून बोलले.

गावात अशी बातमी चालत जात नाही, उडत जाते. गल्ली वाईट नव्हती. रोज कोणाकडून तरी वाटी यायचीच. कढी, मऊ भात, ज्वारीची आंबील. पण वाटी फाटकाशी, जमिनीवर ठेवलेली. बाई ठेवायची, दोन पावलं मागे सरायची, “वैनी, वाटी ठेवली वो” म्हणून निघून जायची. मला राग यायचा. मी वाटी उचलताना मुद्दाम आदळायचो. यमुना खाटेवरून पाहायची. एक दिवस म्हणाली, “कायले रागावता? पाहा न, झाडासारखं देऊन राह्यले मले. हातातून हातात नाही. म्हंजे लागन मी. जगन.”

मी, ज्यानं चहाच्या दुकानात मधमाश्यांची वाटणी लावली, तो उठून न्हाणीत गेलो. तोंड धुतलं.

जेठ संपता संपता कळंबहून तिचा भाऊ आला. तिकडून यवतमाळचा दवाखाना जवळ, घरात वहिनी, आई; इथं मी कामावर गेलो की ती एकटी. नेणंच बरं होतं. बैलांच्या दमणीत बसण्याआधी तिनं प्रत्येक डब्यात बोट खुपसून माती पाहिली आणि मला सांगितलं, “पाणी बोट घालून पाह्यल्याबिगर द्यायचं नाही. आषाढीले फुटवे वाटायचे. बाकी तुमी काही करू नका.”

“खत?”

“काही करू नका म्हटलं न. एवढंच करा, का काही करू नका.”

एवढं सोपं काम जगात कोणत्या नवऱ्याला जमलं आहे?

आषाढीला बाया आल्या. फुटवे मी वाटले, रीतीनं, ओट्यावर ठेवून. माझ्याकडे अकरा डब्यांत अकरा राहिले. लहानसे, बोटाएवढे. रोज पाहत होतो आणि रोज तेवढेच. मला वाटायला लागलं, की हे वाढले की ती बरी होणार. असं कोणी सांगितलं नव्हतं. पण एकटा माणूस रिकाम्या घरात स्वतःला काय सांगेल याचा नेम नाही.

आता माझं डोकं पाहा. जिनिंगच्या आवारात सरकीचा डोंगर. कापूस निघून गेला की जी बी राहते, ती सरकी. म्हशीला भिजवून घातली की म्हैस दूध वाढवते, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत. मी विचार केला, म्हशीएवढ्या जनावराला जे मानवतं, ते बोटाएवढ्या झाडाला किती मानवेल! पोतं घरी आणलं. रात्रभर भिजवली. सकाळी प्रत्येक डब्यात मुळाशी ओंजळ ओंजळ दाबली, वरून माती सारखी केली, आणि कामावर जाऊन चारचौघांत सांगितलं, की यंदाची शेवंती गावात शिरणाऱ्या बंडीला आडवी येईल.

चौथ्या दिवशी डब्याला हात लावला तर ऊन. आंबूस वास सुटलेला. सरकी आत कुजून तापत होती. पानं आधी मऊ पडली, मग कडेनं काळी झाली. मी घाईघाईनं उकरायला गेलो तर हातात मूळ आलं, शिजलेल्या भाजीसारखं.

आठवड्याभरात मात्र डब्यांत हिरवं दिसलं. मनात म्हटलं, फुटली! पुन्हा फुटली! जन्मापासून कपाशीच्या रानात वाढलेला माणूस मी, जोडपानं पाहून झोपेतही सांगेन की हे काय आहे. पण दोन दिवस मी त्याला शेवंतीच म्हणत राहिलो. अकराही डब्यांत जी सरकी कुजली नव्हती, ती उगवली होती. कपाशी. आमची माती!

तेव्हाच गोदामावशींकडे गेलो असतो, तर त्यांनी शिव्या देऊन का होईना, दुसरे फुटवे दिले असते. वेळ गेली नव्हती. पण मावशींना कळलं म्हणजे कळंबला कळलं. मध्ये फार तर एक पोष्टकार्ड. मी गेलो नाही. डबे उचलून न्हाणीमागे ठेवले, जिथं फाटकातून दिसत नाहीत. आणि कार्ड लिहायला बसलो.

श्रावणात लिहिलं, “फुटवे जोमात आहेत. तुराट्यांचा आधार द्यावा लागला.” तुराटी म्हणजे तुरीची काडी, ती दिली होती, कपाशीला. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं. ती चौथी शिकलेली. अक्षर मोठं, गोल. “वाचून बरं वाटलं. ताप उतरला नाही, पण भूक लागते.”

भूक लागते! त्या दोन शब्दांनी माझा हात सुटला. भादव्यात न्हाणीमागे कपाशीला पहिली फुलं आली, पिवळी, आत लाल डोळा असलेली. मी त्याच दिवशी कार्ड टाकलं: “पिवळी फुलली. अशी पिवळी आजवर पाहिली नव्हती.” यात खोटं एक अक्षर नाही, शपथ घ्यायला तयार आहे. मग पुढच्या कार्डात पांढरी फुलली. मग तांबूस. आश्विनात उमरखेडची माणसं फुलं पाहायला येऊ लागली आणि दसऱ्याला पुसदच्या एका वकिलानं अंगणात सतरंजी टाकून तीन तास नुसतं पाहत बसण्याची परवानगी मागितली. तिची उत्तरं यायची. “वकिलाला चहा दिला का?” “पांढरीचा वास इथवर आला.” “तांबूस फुलाच्या पाकळ्या आतल्या बाजूनं वळतात का, नीट पाहून लिहा.” मी नीट पाहून लिहायचो. न्हाणीमागे कपाशीजवळ बसून, तांबूस शेवंतीच्या पाकळ्या कशा वळतात ते लिहायचो. ढाणकीत तेवढी सुंदर शेवंती पुन्हा कधी फुलणार नाही.

दिवाळी झाली आणि तिच्या भावाचं कार्ड आलं. त्याचं अक्षर बारीक, आणि त्या दिवशी आणखी बारीक. “डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. ती पण रोज तेच म्हणते, मला माझी फुलं पाहायची आहेत. एकादशी झाली की घेऊन येतो. मोकळ्या हवेत खाट टाकून ठेवा.”

‘आता घरी न्या’ हे मी बरेचदा वाचलं. पुढचं वाक्य वाचायला हिंमत गोळा करावी लागली. तिला फुलं पाहायची होती. पाच महिने इंजेक्शनं घेऊन, शंभर मैलांवरून ती फुलं पाहायला येणार होती, आणि अंगणात काय होतं? कोरांटीसुद्धा बकऱ्यांनी कुरतडलेली.

कार्ड घेऊन मी गोदामावशींच्या दारात उभा राहिलो. सारं सांगितलं. सरकी, कपाशी, वकील, सतरंजी. मावशी भाकऱ्या थापत होत्या. थापायच्या थांबल्या.

“सरकी?” त्या म्हणाल्या. “शेवंतीले सरकी? भैताडा, काटा मारता मारता तुह्या डोक्याचाच काटा मोडला काय रे? तिनं तुले काही करू नको म्हटलं होतं का नव्हतं?”

“म्हटलं होतं.”

“मंग कायले केलं?”

“मावशी, मले वाटलं थे वाढन त हे वाचन.”

 तव्यावरची भाकरी जळाली, तिचा वास आला, आणि त्या वासासरशी मावशी पिठाच्या हातानं उठल्या. “कवा येऊन राह्यली?”

“परवा दुपारी.”

“जाय घरी. आंगन सारवून ठेव. अन् तोंड बंद ठेव, जमलं त.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाचे हात धुऊन उठतो, तो फाटक वाजलं. मावशी. कडेवर नातू घ्यावा तशी मडक्यातली पिवळी शेवंती घेतलेली. यमुना आजारी पडल्यापासून, आषाढीचे फुटवे उचलले तेवढं सोडून, त्या फाटक ओलांडून आत आल्या नव्हत्या. कोणीच आलं नव्हतं. त्या सरळ आत आल्या, मडकं तुळशीजवळ ठेवलं, मागं पाहून ओरडल्या, “याना वो! का हात जोडून बलावू?” आणि मग गल्ली आत आली. कोणाच्या हातात फुटका रांजण, कोणाच्या हातात गळकी बादली, कोणाच्या हातात पितळेची घागर, सगळ्यांत शेवंती. पिवळी, पांढरी, तांबूस. तांड्यावरची धर्मीबाई बाजारात झेंडू विकायची. तिनं डोक्यावर टोपलंभर झेंडूची झाडं मुळासकट उपटून आणली होती, बांगड्या खळखळवत आली आणि खड्डे करून लावायलाही बसली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. यमुना वयानं लहान असूनही धर्मी तिला याडीच म्हणायची.

“धर्मीबाई, हे उपटलेले जगतीन का?”

“परवापरेंत जगतीन भिया,” ती म्हणाली. “याडीनं पाह्यलं म्हंजे झालं. मंग मरा म्हना.”

दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी आजवर जेवढ्या थापा मारल्या होत्या, त्या सगळ्या त्या दिवशी अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि खऱ्या झाल्या. मी फाटकाबाहेर जाऊन पाहिलं, आत येऊन पाहिलं. म्हटलं, वाचलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दमणी आली. भावानं पडदा बाजूला केला. मी तिला उचलून घेतलं. उचलायला जेवढा जोर लावला होता, त्यातला बराचसा हातातच उरला.

खाटेवर उशीला टेकवून बसवली. कुंपणापलीकडे सारी गल्ली श्वास धरून उभी. यमुनेनं एका टोकापासून पाहायला सुरुवात केली, सावकाश, पोथीतली ओळ वाचावी तसं. मग बोट उचललं.

“हे गोदामावशीची. तिसऱ्या वर्षी नेलती. हे घागरीतली सोनारनीची, तिच्या लेकीच्या लग्नाच्या साली. थे पांढरी मास्तरनीबाईची, दोनदा मेली, तिसऱ्यानं लागली.” एकामागून एक. एकही चुकली नाही. चुकणार कशी, सगळी तिच्याच ओट्यावरून उचललेली. “झेंडू धर्मीचा. अवो माय, साऱ्या पोरी माहेरी आल्या जशा!”

मी उगाच कपाळ पुसलं.

“अन् माहे डबे कोठी हाय?” तिनं विचारलं.

“डबे... डबे ते...” मी म्हटलं. “डब्यांचं असं झालं, की वकिलानं...”

“आना न.”

मी न्हाणीमागे गेलो. एक डबा उचलून आणला आणि खाटेपुढे ठेवला. कपाशी कमरेएवढी झाली होती. बोंडं फुटली होती, पांढरी फेक, उन्हात डोळ्यांवर येईल अशी. तुराटीला व्यवस्थित बांधलेली.

यमुना पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, पण ती हसत होती. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. कुंपणापलीकडे गोदामावशींनी मोठ्यानं नाक शिंकरलं.

“सरकी घातली?”

“हाव.”

“मले वाटलंच होतं. काही तरी घातलं असन.”

“कवा वाटलं?”

“भादव्यात. पिवळी फुलली म्हणून कार्ड आलं तवा. भादव्यात शेवंती फुलते का कोठी? दिवस आखूड झाल्याबिगर तिले कळी येत नाही.”

“मंग लिहिलं काहून नाही?”

“लिहिलं असतं त पुढचं कार्ड आलं नसतं,” ती म्हणाली. “वहिनी मोठ्यानं वाचून दाखवे. साऱ्या घराले माहीत होतं. थो वकील आला त आई एवढी हासली, एवढी हासली. मी म्हटलं, चालू द्या. फुलं तं येऊन राह्यली न.”

एवढ्यात गोदामावशी वाटी घेऊन आत आल्या. गरम आंबील. फाटकाशी ठेवली नाही. खाटेपाशी येऊन यमुनेपुढे धरली.

“मावशी, खाली ठेवा,” यमुना म्हणाली.

“गप राह्य. घे.”

आणि यमुनेनं वाटी मावशींच्या हातातून आपल्या हातात घेतली. दोघींची बोटं क्षणभर वाटीभोवती एकात एक होती.

त्यानंतरचे दिवस मला सुटे सुटे आठवत नाहीत. एकच लांब दुपार आठवते. मार्गशीर्षाचं ऊन, हळदीच्या दुधासारखं. खाट सकाळी पूर्वेला, दुपारी अंगणातल्या आवळीखाली, मग पुन्हा उन्हात. मी नोकरीवर जाणं सोडून दिलं होतं आणि दिवसभर खाट सरकवत होतो. धर्मीचे झेंडू खरंच तीन दिवसांत माना टाकून बसले. तिनं न बोलता दुसरे आणून लावले, मग तिसरे. शेवंती मात्र टिकली. बाकीची फुलं पाकळ्या टाकतात, आपण झाडतो, संपलं. शेवंती गळत नाही. जागच्या जागी, देठावर उभी राहून सुकते. आठ दिवस तुम्हाला कळतही नाही, की ती फुललेली आहे की सरलेली. यमुना डोळे मिटून पडली असली की मी खाटेजवळ उभा राहून पदर वरखाली होतो का ते पाहायचो. ती डोळे न उघडता म्हणायची, “हाय. बसा.”

पौषात ती गेली. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. गल्लीतल्या बायांनी मडकी, बादल्या, घागरी आपापल्या घरी नेल्या, आणि मी त्यांना नेऊ दिल्या. पुढच्या आषाढीला पळसाच्या पानातले फुटवे माझ्या ओट्यावर येऊन पडले होते, अकरा. मी ते उचलले नाहीत. दोन दिवसांनी कोणीतरी परत नेले. त्यापुढच्या वर्षी पुन्हा आले. मी पुन्हा उचलले नाहीत. गोदामावशी होत्या तोवर हे चाललं.

लोक म्हणतात, काटेवाले भाऊ तेव्हापासून गोष्टी सांगेनासे झाले. तसं काही नाही. सांगतो. पण एक दुपार आहे, तिच्याशी आलो की जीभ अडखळते.

मार्गशीर्षाचे शेवटचे दिवस. खाट आवळीखाली. मी तिचे केस विंचरत होतो. फणीला फार काही लागत नव्हतं. ती शेवंतीकडे पाहत होती. म्हणाली, “अवो, पुढच्या आषाढीले कोणती लावायची?”

बस, एवढंच विचारलं. मला एक थाप हवी होती. लहानशी. जन्मभर मी पोत्यांनी थापा वाटल्या. जे कोणी मागितलं नव्हतं ते सांगितलं, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना सांगितलं. आणि आता माझं माणूस माझ्याकडे पहिल्यांदा थाप मागत होतं, आणि माझ्या तोंडात एक शब्द येईना. ‘पांढरी लावू’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. फणी हातात तशीच राहिली. आवळीचं एक पान तिच्या गोधडीवर पडलं, तेही मला उचलता आलं नाही.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.  मग, जिला साखर नसताना ‘साखर आहे’ म्हणता आलं नव्हतं, ती यमुना बोलायला लागली.

“जांभळी लावू. तांड्यावर आहे म्हणते धर्मी. मी सोताच जाईन आणाले, पायी. सकाळी जाईन अन् भाकरीच्या वक्ताले परत. अन् अशी वाढवीन, अशी वाढवीन, का तुमाले शिडी लावून फुलं तोडा लागतीन. अन् शिडीवरून तुमाले पार कळंबचं देऊळ दिसन. दिसलं म्हंजे वरूनच हात जोडजा, उतरू नका.”

दम लागला होता. तरी मी हसेपर्यंत ती माझ्याकडे पाहत राहिली.